बुडालेलं ठाणं जलरंगात: ग्राफिक नॉव्हेलचं पहिलं पान कसं रंगवावं

उद्याचं संकट रंगवायचं म्हटलं की हात आधी काळ्या रंगाकडे जातो. तो आवरा. ब्रशही बाजूला ठेवा, वही घ्या आणि भरतीच्या वेळी ठाणे खाडीवरच्या कळव्याच्या पुलावर जाऊन उभे राहा.

गोष्टीत बदल एकच करा. समजा, खाडीचं पाणी शहरात शिरलं आणि गेलंच नाही. बाकी ठाणं आहे तसंच. तलावपाळीची बोट आता तलावात फेऱ्या मारत नाही, शेअर रिक्षासारखी ‘चला स्टेशन, स्टेशन’ ओरडत जाते. सुट्ट्या पैशांवरून भांडणही होतं. उडत्या गाड्यांपेक्षा हे भांडण वाचकाला जास्त खरं वाटेल. पाण्याची उंची मनाने ठरवू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या दिवशी घरात पाणी शिरलेल्या कुणालाही विचारा, भिंतीला हात लावून दाखवतील. तीच उंची घ्या.

पान आधी पोस्टकार्डाएवढं काढा. चौकटी चार-पाच पुरे. संवादाच्या फुग्यांची जागा आत्ताच सोडा. देवनागरीला वर वेलांटी नि खाली उकार लागतो, ओळी चिकटवल्या की ‘र्मी’ आणि ‘कू’ एकमेकांच्या अंगावर येतात.

कागद ३०० जीएसएमचा म्हणजे जाड, कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खडबडीत, जमल्यास कॉटनचा. चारही बाजूंनी टेपने बोर्डावर चिकटवा. रेघांची शाई वॉटरप्रूफ हवी, आणि पाकिटावर तसं छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका. माझी पहिली आठ पानं अशीच वाहून गेली, नायिकेच्या मिशा फुटल्या. तुकड्यावर रेघ मारा, रात्रभर ठेवा, सकाळी ओला ब्रश फिरवून बघा.

आता रंग. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळा. निळ्याचे जड कण कागदाच्या खड्ड्यांत बसतात आणि खाडीचा गढूळ करडा रंग मिळतो. तयार काळ्यात ही माती नसते. पानभर पुरेल एवढा एकदम कालवा, नाहीतर चौथ्या चौकटीत पाणी बदलेल.

पुराची खूण मात्र काढायची नाही, होऊ द्यायची. भिंतीवर ठरलेल्या उंचीपर्यंत पातळ तपकिरी थर द्या आणि हात मागे घ्या. कड आधी सुकते, आतलं पाणी रंग घेऊन तिकडे सरकतं आणि काठाला गडद रेघ उमटते. खऱ्या भिंतीवरही डाग असाच पडतो. पंखा लावू नका. पावसाळ्यात इथे एका थराला तासही लागेल, लागू द्या. सुकलं का ते हाताच्या पाठीने बघा: गार लागलं तर आत ओल आहे. त्यावर दुसरा थर दिलात की फुलकोबी उगवते, म्हणजे रंग पसरून वेडेवाकडे डाग पडतात!

एक उबदार रंग राखून ठेवा. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला, फ्लेमिंगो तिची ओळख. पण त्यांना उथळ चिखल लागतो. पाणी खोल झालं की ते उभे कुठे राहणार? म्हणून माझ्या पुस्तकात गुलाबी फक्त आजीच्या आठवणीत येतो, तोही तीनच पानांवर.

अक्षरं मूळ चित्रावर लिहू नका, संगणकावर वेगळ्या लेअरवर टाका. स्कॅन ६०० डीपीआयला करा, फिकट थर आणखी फिकट दिसले तर चित्राच्या सॉफ्टवेअरमधल्या ‘लेव्हल्स’ने थोडे गडद करा. आणि पान स्कॅनरच्या काचेवर ठेवण्याआधी पुन्हा एकदा हाताची पाठ लावून बघा.