रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात या चुका टाळा

टायट्रेशनचे, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबाने सोडून किती लागले ते मोजण्याच्या प्रयोगाचे, पहिले रीडिंग 10.6 मिलिलिटर आले, पुढची दोन 10.2 आली, की बी.एस्सी. प्रथम वर्षाचे अनेक विद्यार्थी जर्नलमध्ये तिन्ही ठिकाणी 10.2 लिहून मोकळे होतात. गुण जातील या भीतीने केलेली ही खाडाखोड मला सर्वांत घातक वाटते, कारण हात कोठे चुकला याचा माग त्या 10.6 मध्येच असतो आणि तो पुसला गेला की शिक्षकांनाही मदत करता येत नाही. सोलापुरातील ज्या महाविद्यालयांत शिकवणे हेच मुख्य काम आहे, तेथे शिक्षक टेबलाजवळच असतात. खरे रीडिंग त्यांना दाखवावे.

पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्ल यांच्या टायट्रेशनमध्ये तर पहिले रीडिंग वारंवार चुकते. पहिल्या थेंबाचा गुलाबी रंग लवकर जात नाही, म्हणून एंडपॉइंट, म्हणजे अभिक्रिया पूर्ण झाल्याची खूण, आला असे समजून विद्यार्थी थांबतात. वास्तविक ही अभिक्रिया सुरुवातीला संथ असते आणि तिच्यातूनच तयार होणारे मँगनीज आयन पुढे तिला वेग देतात. म्हणून द्रावण 60 ते 70 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे आणि पहिल्या थेंबाचा रंग गेला की मगच दुसरा सोडावा. द्रावण तपकिरी, गढूळ झाले तर बहुधा सल्फ्युरिक आम्ल कमी पडलेले असते. त्याऐवजी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नये, कारण परमँगनेट त्यातल्या क्लोराइडचेही ऑक्सिडीकरण करते आणि रीडिंग वाढते. परमँगनेट गडद असल्याने ब्युरेटमध्ये (थेंब सोडण्याच्या, रेघा आखलेल्या काचनळीत) द्रावणाची वरची कड वाचावी, आणि तिन्ही वेळा तीच वाचावी.

आपल्याकडचा उन्हाळाही हिशेबात धरला पाहिजे. सकाळी 27 अंशांना तयार केलेले द्रावण दुपारी 40 अंशांवर गेले, तर पाणी प्रसरण पावल्यामुळे त्याची तीव्रता सुमारे 0.4 टक्क्यांनी घटते. 25 मिलिलिटरमागे हा फरक 0.1 मिलिलिटर, म्हणजे नेहमीच्या ब्युरेटवरील एका बारीक रेघेइतका होतो. बाटली खिडकीतल्या उन्हात ठेवू नये, एवढी काळजी पुरेशी आहे.

गणितातली चूक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी असते. आम्लधर्मी माध्यमात परमँगनेटचा एक रेणू पाच इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून 0.1 नॉर्मल (इलेक्ट्रॉनांच्या हिशेबाने मोजलेली तीव्रता) द्रावण 0.02 मोलर (रेणूंच्या हिशेबाने मोजलेली तीव्रता) असते. हे न पाहता 0.1 मोलर धरले, की उत्तर पाचपट होते. कारण समजले नसेल तर शंका मराठीतच विचारावी. घरी कन्नड, तेलुगू किंवा उर्दू बोलणाऱ्या मित्रांनी जमेल त्या शब्दांत विचारावी, कारण इंग्रजी वाक्य जुळवण्याच्या खटपटीत प्रश्न तसाच राहतो आणि पुढच्या प्रात्यक्षिकाला तेच पाचपट उत्तर जर्नलमध्ये पुन्हा लिहिले जाते.