पेपर टाकण्याआधी, म्हणजे राजीनामा देण्याआधी

आयटीत काम जास्त असतं, हे हिंजवडीत पाय ठेवण्याआधीच सगळ्यांना माहीत असतं. रिलीजच्या, म्हणजे तयार सॉफ्टवेअर क्लायंटला द्यायच्या आठवड्यात रात्री अकराची कॅब, शनिवारी कॉल, यावरून मी कुठल्या ऑफिसला नावं ठेवणार नाही. रिलीज झाला की माणसं परत चहाला एकत्र जातात. माझ्या पहिल्या नोकरीत रिलीज झाल्यावरही कुणी कुणाशी मोकळं बोलत नसे. कंपनीचं नाव सोडा.

तिथे आरडाओरडा नव्हता. सोमवारी सर जाता जाता सांगायचे, "रिपोर्टचं राहू दे, आधी क्लायंटचं बघ." गुरुवारच्या कॉलवर सगळ्या टीमसमोर तेच विचारायचे, "रिपोर्ट कुठंय? झेपत नसेल तर सांग, दुसऱ्याला देऊ." असं चारदा झालं की माणूस स्वतःच्याच कानांवर शंका घ्यायला लागतो. फ्रेशरचं तर फारच होतं, कारण ताडून बघायला आधीची नोकरीच नसते. म्हणून दुसऱ्या कंपनीतल्या मित्रमैत्रिणींना विचारत राहा. "सगळीकडे असंच असतं" हे आपल्याच ऑफिसातल्या माणसाकडून ऐकून घेऊ नका.

मला तगवलं ते शेजारी बसणाऱ्या एका सीनिअरने शिकवलेल्या सवयीने. तोंडी काम मिळालं की जागेवर बसल्या बसल्या मेल टाकायचा: "सर, आत्ता बोलणं झालं त्याप्रमाणे रिपोर्ट बाजूला ठेवून क्लायंटचं काम घेते आहे. रिपोर्ट शुक्रवारी देईन. काही बदल असल्यास कळवा." यात तक्रार नाही, फक्त तारीख आहे. उत्तर नाही आलं तरी बिघडत नाही. सर काही सुधारले नाहीत, पण गुरुवारी माझं नाव घेणं कमी झालं. मात्र ऑफिसचे मेल स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका, त्यावरूनच काढून टाकतात. घरच्या वहीत तारीख आणि नेमके शब्द लिहा.

एचआरकडे जरूर जा, पण त्यांचा पगारही तीच कंपनी देते हे लक्षात ठेवून. लैंगिक छळाची गोष्ट वेगळी. 2013 च्या कायद्यानुसार 10 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असावीच लागते, तिची अध्यक्ष स्त्री असते आणि एक सदस्य बाहेरचा असतो. तक्रार लेखी आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायची. तिथे "आधी एचआरशी बोलून बघ" म्हणणाऱ्यांचं ऐकत बसू नका.

झोप उडाली, सकाळी ऑफिसच्या विचाराने पोटात गोळा यायला लागला, तर 14416 वर फोन करा. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आता सोडण्याबद्दल. रागाच्या भरात लॅपटॉप ठेवून निघून जाऊ नका. कंपनी "अ‍ॅबस्कॉन्डिंग" म्हणजे न सांगता पळून गेलेला, असा शेरा मारते आणि पुढच्या ठिकाणी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये, म्हणजे जुन्या नोकरीची चौकशी करताना, तो वर येतो. तिथे राहणं अशक्यच झालं असेल तरी राजीनाम्याचा मेल टाकूनच बाहेर पडा. नोटीस पीरियड 90 दिवसांचा असेल तर बायआउटची, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटायची सोय ऑफर लेटरमध्ये आहे का बघा. लॉगिन बंद व्हायच्या आत सगळ्या पगाराच्या स्लिपा उतरवून घ्या. मागाहून त्यासाठी ज्यांच्यापासून सुटलो त्यांच्याच विनवण्या कराव्या लागतात. रिलीव्हिंग लेटर (कामातून मोकळं केल्याचं पत्र) आणि फॉर्म 16 (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) मागून घ्या. पीएफच्या खात्यात कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकली नाही, तर शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाल्यावर ती आपली आपल्याला ऑनलाइन टाकता येते. यूएएन, म्हणजे पीएफसाठीचा आपला नंबर, आधारला जोडलेला आणि मोबाइल नंबर चालू हवा.

नव्या इंटरव्ह्यूत "का सोडताय?" विचारतातच. जुन्या सरांची उणीदुणी काढू नका. मी सांगितलं, "कामाचे प्राधान्यक्रम लेखी ठरतात अशा टीममध्ये काम करायचंय." समोरच्या बाई हसल्या आणि त्यांच्याकडे स्प्रिंटचं, म्हणजे काही आठवड्यांच्या ठरवून घेतलेल्या कामाचं, नियोजन कसं होतं ते सांगायला लागल्या.