नात्यात मेंटल मॉडेल वापरताय? या चुका टाळा

गेल्या सुगीत खानापूरकडच्या आमच्या गावातून तांदळाचं पोतं आलं नाही. दरवर्षी येतं. आण्णाला दोनदा फोन लावला, उचलला नाही. तिसऱ्या दिवशी मी घरात जाहीर केलं, “आण्णाचं मन फिरलंय.”

मग एसटी धरून गेलो. कापून टाकलेलं भात अवकाळी पावसात भिजलेलं, आण्णा पेंढ्या उलटून वाळवत होता. फोन घरात चार्जिंगला. मला बघून म्हणाला, “आलास काय? धर ही ताडपत्री.”

मेंटल मॉडेल म्हणजे माणसं आणि प्रसंग समजून घ्यायची डोक्यातली चौकट. ती नात्यात वापरताना होणारी पहिली चूक हीच, परिस्थिती न बघता थेट स्वभावावर जाणं. याला अ‍ॅट्रिब्यूशन एरर म्हणतात. 1967 साली जोन्स आणि हॅरिस या मानसशास्त्रज्ञांनी क्यूबाचा नेता फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूचे आणि विरोधातले निबंध लोकांना वाचायला दिले. बाजू लेखकानं निवडलेली नाही, नेमून दिलेली आहे, असं सांगूनही वाचणाऱ्यांना ते त्याचंच मत वाटलं. निकाल देण्याआधी त्या माणसाचा आजचा दिवस कसा गेला असेल, एवढं तरी विचारा.

दुसरी चूक मी हे वाचल्यावर केली. भांडणात बायकोला म्हणालो, “हा तुझा अ‍ॅट्रिब्यूशन एरर आहे.” त्या रात्री पिठलं न बोलता वाढलं गेलं. ही हत्यारं स्वतःवर चालवायची, समोरच्यावर नाही.

तिसरी चूक, डोक्यातलं जुनं चित्र खरं मानणं. आल्फ्रेड कॉर्झिब्स्की या विचारवंतानं 1931 साली मांडलं की नकाशा म्हणजे प्रदेश नव्हे. बेळगावकराला हे काय शिकवायचं! 1956 ला नकाशावरची रेघ हलली, आमच्या चुलीपुढची भाषा हलली नाही. पण आण्णाच्या बाबतीत माझा नकाशा जुनाच. माझ्या डोक्यात तो अजून वीस वर्षांपूर्वीचा, पाटावरून ताट ढकलून उठणारा. परवा नातवाला मांडीवर घेऊन भरवत होता. अशा माणसाशी बोलताना मी अजून आवाज चढवूनच सुरुवात करतो.

शेवटची चूक उलट्या बाजूची. जे मूर्खपणानं झालं असू शकतं तिथं कपट शोधू नये, हे रॉबर्ट हॅनलनच्या नावावरचं सूत्र चांगलंच. पण त्याच्या आडून सगळंच माफ करू नका. भावकीतला एकजण माझी गाडी नेतो, टाकी रिकामी करून आणतो. एकदा विसरला, दोनदा विसरला. तिसऱ्यांदा ती सवय. आता किल्ली मागायला आला की मी आधी पेट्रोलचे पैसे मागतो. तो हसतो आणि देतो.