आरोग्यशिक्षणाचा कार्यक्रम आखताना या चुका टाळा

कमी उत्पन्नाच्या देशांत परिचारिकांना आणि आरोग्यसेविकांना शिकवू पाहणाऱ्या संस्थांचे प्रस्ताव मी सतत वाचत असते. देश बदलतो, आजार बदलतो, चुका त्याच राहतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे काम होत नाही, त्याअर्थी कर्मचाऱ्यांना ते येत नाही, असं गृहीत धरणं. एका जिल्हा रुग्णालयात ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’चं प्रशिक्षण झालं होतं. 2010 पासून अनेक देशांत शिकवला जाणारा हा अभ्यासक्रम उत्तम आहे. जन्मल्यावर बाळ रडलं नाही तर त्याला कोरडं करायचं, पाठ चोळायची, आणि तरीही श्वास आला नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत बॅग-मास्कने, म्हणजे तोंडा-नाकावर मास्क धरून हाताने दाबायच्या पिशवीने, हवा द्यायला लागायचं. पोस्ट-टेस्टला सगळ्यांना चांगले गुण पडले होते. काही महिन्यांनी पाठपुराव्याला गेलो, तर प्रसूतिकक्षात बॅग-मास्क कुठे दिसेना. सिस्टरने कपाटाकडे बोट दाखवलं. कपाटाला कुलूप, किल्ली स्टोअरकीपरकडे, आणि तो संध्याकाळी घरी जाणारा. वस्तू स्टॉक रजिस्टरला चढलेली होती. हरवली तर ड्युटीवर असेल तिच्या पगारातून कापणार, म्हणून सिस्टर्सनीच ती कुलपात ठेवायला लावली होती. त्याच सिस्टरने डमीवर सगळे टप्पे बिनचूक करून दाखवले. रात्री एखादं बाळ निळं पडलं असतं तर मात्र तिच्या हाताशी काहीच नव्हतं.

यावर आयोजक संस्थेने उजळणी वर्ग सुचवला, तेव्हा मला राग आवरेना. सिस्टरला सगळं येत होतं! मार्ग काढला तो मेट्रनने. रजिस्टरमध्ये जबाबदारी वॉर्डाच्या नावावर घेतली, बाळाच्या टेबलाशेजारी भिंतीत खिळा ठोकून बॅग तिथे टांगली आणि पाळी बदलताना ती दाबून बघायची, सही करायची, असा नियम घातला.

तेव्हापासून अभ्यासक्रमाचं पहिलं पान लिहिण्याआधी मी त्या वॉर्डात एक रात्रपाळी बसून काढते. दिवसा गेलं की दाखवतील तेवढंच दिसतं. रात्री कळतं की वीज गेल्यावर काय करतात, किल्ली कुणाकडे असते, डॉक्टरांना फोन करायला सिस्टर कचरतात का. नवे लोक म्हणतात, एवढा वेळ नसतो. मग कार्यक्रमही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

काही चुका थोडक्यात. सलग आठवडाभर सिस्टर्सना वर्गात बसवू नका, मागे वॉर्ड ओस पडतो. भत्ता स्थानिक सरकारी दरानेच द्या. जास्त दिलात तर कामाशी संबंध नसलेले वरिष्ठ खुर्च्या अडवतात. ‘प्रशिक्षकांचे प्रशिक्षण’ देऊन पुढची साखळी आपोआप चालेल, असं समजू नका. तिसऱ्या कडीपर्यंत हाताने करायचा सराव गळून जातो आणि स्लाइड्स तेवढ्या उरतात. बाहेरचे तज्ज्ञ दोन आठवड्यांसाठी आणू नका. रवांडाने 2012 मध्ये आरोग्य मनुष्यबळाचा कार्यक्रम सुरू केला तेव्हा आखणी सात वर्षांची होती आणि अमेरिकेतून आलेल्या प्राध्यापकांची स्थानिक शिक्षकांशी जोडी लावली होती. एवढा पैसा प्रत्येकाकडे नसेल, पण जोडी लावायला कोण अडवतं?

आता दुसरी मोठी चूक, जिच्याबद्दल मी प्रत्येक बैठकीत भांडते: किती जण शिकले हे मोजणं. अहवालात हजेरीपटाचा आकडा असतो आणि निधी देणारेही त्यावर समाधान मानतात. बांगलादेशात ब्रॅक संस्थेने 1980 पासून घरोघरी जाऊन आयांना जुलाबावरचं मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवलं. दहा वर्षांत एक कोटीहून जास्त घरं झाली. पण शिकवणाऱ्या बाईचा मोबदला घरांच्या संख्येवर नव्हता. नंतर तपासनीस त्यातल्या काही घरी जात, आईला काय आठवतंय ते विचारत, पाणी करून दाखवायला सांगत, आणि त्यावर पैसे ठरत. तरीही सुरुवातीला वापर कमीच होता. शोध घेतल्यावर कळलं की शिकवणाऱ्यांचाच त्या पाण्यावर पुरता विश्वास नव्हता आणि घरच्या पुरुषांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. दोन्ही गोष्टी दुरुस्त केल्या. नुसती हजेरी मोजली असती तर यातलं काही उघड झालं नसतं.

म्हणून प्रस्तावात पाठपुराव्याच्या भेटींचा खर्च मी सगळ्यात आधी लिहिते आणि कात्री लागलीच तर प्रशिक्षणार्थींची संख्या कमी करते. भेटीला जाताना प्रश्नावली नेत नाही. सिस्टरला एवढंच म्हणते, गेल्या वेळी बाळ रडलं नाही तेव्हा तुम्ही काय केलंत, पहिल्यापासून सांगा. ती सांगते त्यात सामान कुठे अडलं, कोण आलं नाही, कोणता टप्पा राहून गेला, हे सगळं येतं. पुढच्या सत्रात मी तेवढंच शिकवते.