विमानाने कामाला निघताना हत्यारांची बॅग कशी भरावी

नवी मुंबईतल्या रबाळे, महापे, तुर्भे किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून मशीन बसवायला अथवा दुरुस्तीला परगावी जाणाऱ्या फिटरला आणि इलेक्ट्रिशियनला आपली हत्यारे सोबत न्यावीच लागतात. तिथे मिळणारा पाना झिजलेला निघाला की बोल्टचे डोके गोल होते आणि अर्ध्या तासाचे काम संध्याकाळपर्यंत रेंगाळते. रेल्वेने जाताना पेटी सीटखाली सरकवली की काम भागत असे. विमानात मात्र कोणती वस्तू कुठल्या बॅगेत जाईल हे घरीच ठरवावे लागते, कारण सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभे राहिल्यावर हातातली वस्तू परत घरी पाठवण्याची सोय जवळजवळ नसते.

मूळ नियम साधा आहे. नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोच्या यादीनुसार हातोडी, करवत, ड्रिल, डिसमिस (स्क्रू ड्रायव्हर), पाने, पक्कड ही सर्व हत्यारे केबिनमध्ये नेण्यास मनाई आहे आणि ती चेक-इन बॅगेत नेता येतात. चष्मा दुरुस्तीच्या किटमधला बारीकसा डिसमिस एवढाच काय तो अपवाद. इंटरनेटवर अनेक ठिकाणी ७ इंचांपर्यंतची हत्यारे हातातल्या बॅगेत चालतात असे लिहिलेले आढळते. तो नियम अमेरिकेतला आहे. युरोपात आणि ब्रिटनमध्ये डिसमिस किंवा पटाशीच्या दांड्यासाठी ६ सेंटिमीटरची मर्यादा आहे. मुंबईहून नागपूरला किंवा चेन्नईला निघालेल्या माणसाला यांपैकी कोणतेही माप उपयोगाचे नाही. परदेशातून येताना तिथल्या तपासणीतून सुटलेला छोटा पाना दिल्लीला विमान बदलताना काढून घेतला जाऊ शकतो, हेही लक्षात ठेवावे. लांबी मोजत बसण्यापेक्षा सर्व हत्यारे सरसकट चेक-इन बॅगेत टाकावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

बॅटरीचा नियम मात्र नेमका उलटा आहे आणि सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. कॉर्डलेस ड्रिल चेक-इन बॅगेत जाते, पण तिची सुटी लिथियम बॅटरी केबिनमध्येच न्यावी लागते. मालाच्या कप्प्यात अशा बॅटरीने पेट घेतला तर तो कोणाच्या लवकर लक्षात येत नाही आणि केबिनमध्ये ती आग विझवायला माणसे असतात, हे त्यामागचे कारण. बॅटरीची क्षमता वॉट-तासांत मोजतात आणि ती व्होल्ट गुणिले अँपिअर-तास या हिशेबाने काढता येते. १८ व्होल्टची ५ अँपिअर-तासांची बॅटरी ९० वॉट-तासांची होते आणि १०० च्या आत बसते. तीच ८ अँपिअर-तासांची घेतली तर १४४ होतात. १०० ते १६० वॉट-तासांच्या सुट्या बॅटऱ्या विमान कंपनीच्या परवानगीने जास्तीत जास्त दोन नेता येतात, आणि १६० च्या वरची बॅटरी प्रवाशाच्या सामानातून जातच नाही. वॉट-तासांचा आकडा बॅटरीच्या लेबलवर छापलेला असेल तर तोच दाखवावा. बाजारात सेल बदलून मिळणाऱ्या, लेबल नसलेल्या बॅटऱ्या प्रवासाला नेऊ नयेत, कारण त्यांची क्षमता तपासणी अधिकाऱ्याला पटवून देण्याचे कोणतेही साधन आपल्याकडे उरत नाही.

बॅटरीच्या धातूच्या टोकांवर इन्सुलेशन टेप चिकटवावी आणि प्रत्येक बॅटरी स्वतंत्र प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी, म्हणजे चावीचा जुडगा किंवा सुटी नाणी त्या टोकांना लागून शॉर्ट होणार नाही. ५ अँपिअर-तासांची एक बॅटरी सुमारे ६०० ते ७०० ग्रॅम भरते आणि हातातल्या बॅगेची मर्यादा बहुतेक देशांतर्गत विमानांत ७ किलो असते, त्यामुळे लॅपटॉपसह वजन आधी करून पाहावे. पॉवर बँकही केबिनमध्येच ठेवायची.

गंज सोडवणारा स्प्रे, थिनर, रबर सोल्यूशन, गॅसवर चालणारा सोल्डरिंग टॉर्च आणि त्याचा डबा यांना दोन्ही बॅगांत जागा नाही. या वस्तू कामाच्या गावी विकत घ्याव्यात. तेलाने भिजलेल्या चिंध्याही घरीच ठेवाव्यात.

आता बॅग भरण्याविषयी. चेक-इन बॅग क्ष-किरण यंत्रातून जाते आणि लोखंडाचा ढीग पडद्यावर एकसंध काळ्या गोळ्यासारखा दिसतो. त्यात वायरची भेंडोळी आणि मल्टीमीटर मिसळलेले असले की बॅग उघडायला लावण्याची शक्यता वाढते. म्हणून हत्यारे एकावर एक न रचता एका थरात पसरावीत. मी ठाण्यात रिक्षाच्या सीट शिवणाऱ्या कारागिराकडून जाड कॅनव्हासची एक गुंडाळी शिवून घेतली आहे. तिच्यात ८ पासून २४ मिलिमीटरपर्यंतच्या पान्यांना मापाप्रमाणे कप्पे आहेत, प्रत्येक कप्प्यावर मार्करने आकडा लिहिलेला आहे, आणि वरून खाली पडणारी झडप असल्यामुळे बॅग उलटी झाली तरी एकही पाना बाहेर येत नाही. गुंडाळी उलगडून बॅगेच्या तळाशी सपाट अंथरली की वरच्या कपड्यांना डाग लागत नाहीत आणि ज्याला बॅग तपासायची आहे त्याला सगळे एका नजरेत दिसते. मी आत मराठी आणि इंग्रजीत लिहिलेली यादी ठेवतो आणि भरलेल्या गुंडाळीचा फोटो मोबाइलवर काढून ठेवतो.

पटाशी, छिन्नी, टोच्या आणि करवतीचे पाते यांच्या धारेवर जुन्या पाण्याच्या पाइपचा उभा चिरलेला तुकडा चढवून टेप मारावी. बॅग उघडून आत हात घालणाऱ्या माणसाचे बोट कापले जाऊ नये, ही जबाबदारी बॅग भरणाऱ्याचीच आहे. टॉर्क पाना (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा, नाहीतर आतली स्प्रिंग ताणाखाली राहून त्याचे माप बिघडते. मायक्रोमीटर आणि डायल गेज ही बारीक मापाची उपकरणे त्यांच्या मूळ डब्यात, कपड्यांच्या मधोमध ठेवावीत. पावसाळ्यात बॅगा विमानापाशी भिजतात, तेव्हा पान्यांवर तेलाचा पुसट हात फिरवून गुंडाळी प्लास्टिकच्या पिशवीत घालावी.

वजनाचा प्रश्न खरा अवघड आहे. स्वस्त देशांतर्गत तिकिटावर चेक-इनसाठी साधारणपणे १५ किलो मिळतात आणि पान्यांचा एक संच, दोन हातोड्या व ड्रिल यांतच निम्मे संपतात. जादा वजन लागणार असेल तर ते आधी ऑनलाइन घ्यावे, कारण काउंटरवर ते महाग पडते; कितीही पैसे भरले तरी एकच बॅग ३२ किलोंच्या वर जाऊ नये. आमच्याकडे एका ज्येष्ठ मिस्त्रींनी घालून दिलेली पद्धत मला सर्वांत शहाणपणाची वाटते: मशीन ट्रकने आधी रवाना होतेच, तेव्हा पाइप पाने, चेन पुली आणि मोठी हातोडी मशीनच्या खोक्यातच बांधून पाठवायची आणि स्वतःबरोबर फक्त नाजूक व मापाची हत्यारे न्यायची.

डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही उड्डाणे सुरू झाली आहेत, त्यामुळे तिकिटावर मुंबई लिहिले आहे की नवी मुंबई हे नीट वाचावे. मुंबई असल्यास टर्मिनल १ की २ तेही पाहावे. ठाण्याहून सहारला (मुंबई विमानतळाकडे) जाणे आणि उलव्याच्या (नवी मुंबई विमानतळाच्या) दिशेला जाणे यांत दिशाच बदलते, आणि जड बॅग घेऊन चुकीच्या दारात उतरलेल्या माणसाला ती चूक वेळेत सुधारता येत नाही. काउंटर बहुधा उड्डाणाच्या ६० मिनिटे आधी बंद होतो. बॅग उघडायला बोलावले तरी वेळ उरावा म्हणून मी दोन ते अडीच तास आधी पोहोचतो आणि बॅग यंत्रातून पुढे जाईपर्यंत काउंटरजवळच थांबतो.

काउंटरवर बोलताना शब्दाची काळजी घ्यावी. आपण वर्कशॉपमध्ये दिवसभर हत्यारे म्हणतो, पण समोरची व्यक्ती हिंदी बोलणारी असेल तर तिच्या कानाला तो शब्द शस्त्र असा लागतो. औजार किंवा टूल्स म्हणावे, आणि कंपनीच्या लेटरहेडवर कामाचे ठिकाण व हत्यारांची यादी लिहिलेले पत्र दाखवावे. परदेशी जाताना महागडी उपकरणे असतील तर निघण्यापूर्वी कस्टम्सच्या काउंटरवर अनुक्रमांकासह त्यांची नोंद करून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना ती नवी खरेदी समजून शुल्क लावले जात नाही.

परतीच्या प्रवासात चुका जास्त होतात, कारण माणूस दमलेला असतो आणि साइटवरून थेट विमानतळावर आलेला असतो. एकदा राजकोटहून येताना माझ्या शर्टाच्या खिशाला पेनाशेजारी टेस्टर, म्हणजे वीज तपासायचा छोटा डिसमिस, अडकलेला राहिला. चेक-इन बॅग आधीच गेली होती. पिवळ्या मुठीचा, बारा वर्षे हाताला सवय झालेला तो टेस्टर मला तिथल्या डब्यात टाकावा लागला, आणि नियमाने पाहिले तर तपासणाऱ्याचे काहीही चुकले नव्हते. त्यानंतर बॅग देण्यापूर्वी मी शर्टाचा खिसा, पँटचा मागचा खिसा, लॅपटॉपच्या बॅगेचे बाजूचे कप्पे आणि चावीला लावलेली एलन की (षट्कोनी टोकाची छोटी चावी) या चार जागा हाताने चाचपून पाहतो. उतरल्यावर पट्ट्यावरून बॅग उचलली की तिथेच बाजूला गुंडाळी उलगडून मोबाइलमधल्या फोटोशी ताडून पाहावी. एखादे हत्यार कमी असेल किंवा बॅग फाटली असेल तर बाहेर पडण्यापूर्वीच विमान कंपनीच्या सामान-तक्रार काउंटरवर लेखी नोंद करून तिची प्रत मागून घ्यावी.