कॅक्टसच्या बारक्या रोपांचं ड्रॅगन फ्रूटवर कलम कसं करायचं

बियांपासून कॅक्टस उगवणं अवघड नाही, अवघड आहे ते आपल्या कोल्हापूरच्या पावसाळ्यातनं त्याला पार काढणं. अॅस्ट्रोफायटम नावाच्या कॅक्टसची बी आठवड्याच्या आत उगवते पण वर्ष झालं तरी रोप वाटाण्याएवढंच, मुळं केसासारखी, आणि जूनपासनं सगळीकडं ओलच ओल. मग एक दिवस रोप बुडातनं काचेसारखं दिसायला लागतं आणि दुसऱ्या दिवशी आडवं पडलेलं असतं. माझी पहिल्या वर्षीची चाळीसेक रोपं अशीच गेली, रोज सकाळी चहाच्या आधी तीच बघायला जायचो, लई वाईट वाटलं. तेव्हापासनं निम्मी रोपं तरी मी उन्हाळ्यातच कलम करून टाकतो, कारण मग रोपाच्या नाजूक मुळांचा प्रश्नच राहत नाही, खुंटाची, म्हणजे ज्यावर रोप चढवतो त्या खालच्या झाडाची, मुळं दमदार असतात आणि वरच्याला सगळं आयतं मिळतं.

खुंट कुठला? बारक्या रोपांसाठी पेरेस्किऑप्सिस एक नंबर, पानं असलेला काडीसारखा कॅक्टस असतो तो, कुणाकडं दिसला तर एक फांदी मागून घ्याच. पण आपल्याकडं हाताशी असतं ते ड्रॅगन फ्रूट, सांगली-सोलापूरकडं त्याच्या बागा आहेत, छाटणीची फांदी मिळून जाते. नर्सरीत लाल गोळ्याचा कॅक्टस बघितला असेल ना, त्याच्या खालचा तिधारी हिरवा दांडा म्हणजे हेच, वरच्या लाल गोळ्यात हरितद्रव्य नसतं म्हणून तो स्वतःच्या मुळावर जगूच शकत नाही. फांदीचा वीतभर तुकडा ४-५ दिवस सावलीत सुकवून वाळूमिश्रित मातीत लावायचा, मुळं धरून वर नवीन फुटवा आला की तो फुटवा आपल्या कामाचा. जुनी फांदी नको, आतनं दोऱ्यासारखी चिवट झालेली असते. कोकणात आंब्याचं कोय कलम करतात तसंच हे, कोवळ्यावर कोवळंच लागतं.

वेळ फेब्रुवारी-मार्चची, संध्याकाळी. आदल्या दिवशी खुंटाला पोटभर पाणी द्या, तो रसानं भरलेला पाहिजे. दाढीचं नवीन ब्लेड स्पिरिटनं पुसून पूर्ण वाळू द्या. फुटव्याचा शेंडा एका दमात आडवा कापा, करवतीसारखं मागं-पुढं नको. मग तिन्ही धारा जरा तिरक्या छाटा, कारण आतला गर सुकून खाली बसतो आणि साल तशीच राहते, मग वरचं रोप उचललं जातं. आता वरनं अजून एक कागदासारखी पातळ चकती कापा पण काढू नका, झाकणासारखी तिथंच राहू दे.

मग रोप घ्या, ३-६ आठवड्यांचं, मुगाच्या दाण्याएवढं चालतं. मुळाच्या जरा वर, हिरवा भाग सुरू होतो तिथं कापायचं, ब्लेडलाच चिकटून येतं ते बरंच. चकती सरकवा आणि रोप लगेच ठेवा, काप सुकला की संपलं, ५-१० सेकंदांत हे झालंच पाहिजे.

आता खरी गोम. खुंटाचा काप उजेडात धरून बघा, मधोमध एक फिकट गोल रिंग दिसते, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची. रोपातही तशीच रिंग असते, फक्त टाचणीच्या डोक्याएवढी. बहुतेकजण रोप बरोब्बर मध्यावर ठेवतात, दिसायला छान दिसतं, पण मध्ये नुसता गर असतो, दोन रिंगा भेटतच नाहीत आणि रोप १५ दिवसांत चिपाड होतं. म्हणून रोप रिंगेच्या रेषेवरच ठेवायचं, मध्यापासनं जरा बाजूला. ओल्या टूथपिकनं हळूच दाबून बारीक गोल फिरवा म्हणजे खालची हवा निघते, कडेनं रसाची रेघ दिसली की बसलं. वरनं क्लिंग फिल्मची, म्हणजे अन्न झाकायच्या पातळ प्लॅस्टिकची, अरुंद पट्टी हलकीच ताणून लावा, दोरा नको, एवढं बारकं रोप चिरडतं.

कुंडीवर कापलेली पाण्याची बाटली पालथी घालून आठवडाभर सावलीत ठेवा, काप भिजू देऊ नका. ३-४ दिवसांनी पट्टी काढा. रोप तुकतुकीत आणि फुगीर दिसलं तर लागलं. सुकलं तर खुंट टाकू नका, बोटभर खाली परत कापून दुसरं रोप चढवा. उन्हाची सवय हळूहळू लावा, आधी सकाळचं कोवळं ऊन. माझं एक अॅस्ट्रोफायटम असं वर्षभरात लिंबाएवढं झालं, त्याच दिवशी पेरलेलं शेजारचं अजून वाटाणाच होतं.

खुंटाला बाजूनं फुटवे येत राहतात, सगळी ताकद तिकडं जाते, दिसला की नखानं खुडा. आणि पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली, झडीचं पाणी येणार नाही अशा जागी.