ब्रोकोली पिवळी पडू नये म्हणून
आमच्याकडे ब्रोकोली तालुक्याच्या बाजारातूनच आणावी लागते, गावी येईस्तोवर गड्डा मलूल. तिचे हिरवे दाणे म्हणजे न उमललेल्या कळ्या. तोडल्यावरही त्या उमलू पाहतात, म्हणून पिवळ्या पडतात. शेजारी पिकली केळी, टमाटे असले की आणखी लवकर, कारण त्यांतून फळं पिकवणारा इथिलीन वायू निघतो.

आता गड्डा न धुता ओलसर सुती फडक्यात सैल गुंडाळते नि फ्रिजमध्ये फळांपासून लांब ठेवते. गच्च बांधलेल्या पिशवीत पाणी सुटून वास येतो.

जास्तीचे तुरे उकळत्या पाण्यात २-३ मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, निथळून कोरडे करून फ्रीजरमध्ये. विजेची लाइन फार वेळ गेली, तर मात्र शिजवूनच टाकायचे. सासूबाई बेसन पेरून भाजी करतात. मला तरी ती फुलगोबीपेक्षा आवडते.